८६२ मिलिमीटरचं चाक

१९९२

जर्मनीची आयसीई ही वेगवान गाडी रुळावर येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. एकसंध पोलादी चाकांमुळे डबे थरथरायचे, भोजनयानात कपबशा खडखडायच्या. तक्रारी वाढल्या तशी चाकांची रचनाच बदलली. आत पोलादी चकती, तिच्याभोवती २० मिलिमीटरचा रबराचा थर आणि त्यावर, बैलगाडीच्या चाकाला असते तशी, पोलादी धाव. अशी चाकं ट्रामला चालत होती. पण ट्राम सावकाश जाते. डार्मश्टाटच्या फ्राउनहोफर संस्थेनं त्याच वर्षी सांगितलं होतं की ही धाव तुटू शकते.

१९९७

हॅनोव्हरच्या ट्रामसेवेला अशाच धावांमध्ये भेगा सापडल्या. तिनं झीज मर्यादेपर्यंत पोहोचण्याआधीच चाकं बदलायला घेतली आणि ही चाकं वापरणाऱ्या इतरांनाही कळवलं. जर्मन रेल्वेचं उत्तर आलं: आमच्याकडे असं काही आढळलेलं नाही.

अपघाताआधीचे दोन महिने

नव्या चाकाचा व्यास ९२० मिलिमीटर. झिजून तो ८५४ पर्यंत उतरला तरी चालेल, असा नियम होता. आपल्या गोष्टीतलं चाक ८६२ वर होतं, म्हणजे कागदावर निर्दोष. पण धाव जितकी पातळ, तितकी ती वजनाखाली जास्त दबते. दर फेऱ्याला ती किंचित चपटी व्हायची आणि पुन्हा गोल व्हायची, दिवसाकाठी सुमारे पाच लाख वेळा. वाकवून वाकवून तार तुटते, त्याच रीतीनं पोलाद थकतं. भेग पडली ती धावेच्या आतल्या अंगाला, रबराच्या बाजूनं. बाहेरून विजेरी मारून पाहणाऱ्या कामगाराला ती दिसणं शक्यच नव्हतं.

ऐकू मात्र येत होतं. याच चाकाच्या बोगीतून आवाज येतो, हादरे बसतात, अशी नोंद गाडीवरच्या कर्मचाऱ्यांनी दोन महिन्यांत आठ वेळा केली.

शेवटचा आठवडा

तपासणीच्या यंत्रानं हे चाक सदोष असल्याचं तीनदा दाखवलं. यंत्र खोटे इशारे देतं, असा कार्यशाळेचा अनुभव होता. म्हणून भरवसा डोळ्यांवर ठेवला गेला. माझ्या मते गाडी इथेच थांबायला हवी होती. यंत्रावर विश्वास नसेल तर यंत्र दुरुस्त करा, नाहीतर चाक काढून तपासा. एकाच चाकाबद्दल माणसं आणि यंत्र दोघंही सांगत असताना ते तसंच धावू देणं, याला दुर्दैव म्हणता येत नाही.

३ जून १९९८, पहाटे ५.४७

आयसीई ८८४ म्युनिकहून हॅम्बर्गला निघाली. सदोष चाक पहिल्या डब्याच्या तिसऱ्या आसावर होतं.

सकाळी १०.३०

हॅनोव्हर. शेवटचा थांबा.

१०.५७ च्या सुमारास

एशेडे गाव सहा किलोमीटरवर, वेग ताशी २०० किलोमीटर. धाव तुटली, उलगडली आणि तिचं टोक डब्याची जमीन फोडून दोन आसनांच्या मधून वर आलं. शेजारी एक आई आणि तिचा मुलगा बसले होते. वडिलांनी दोघांना तिथून हलवलं आणि ते कर्मचाऱ्याला शोधत निघाले. कर्मचारी भेटला, पण गाडी थांबवण्याआधी नुकसान स्वतः पाहायचं, असा त्याला नियम होता. दोघं त्या जागेकडे चालू लागले. सहा किलोमीटरला या वेगानं दोन मिनिटंही लागत नाहीत.

१०.५९

पहिला सांधा आला. लोंबकळणारी धाव सांध्याच्या संरक्षक रुळात अडकली. तो रूळ स्लीपरवरून उखडला आणि डब्यात घुसला. चाकं रुळावरून उतरली. घसरलेल्या चाकाच्या धक्क्यानं पुढच्या सांध्याची दिशा बदलली. तिसऱ्या डब्याची मागची चाकं शेजारच्या मार्गावर गेली, डबा आडवा झाला आणि रस्त्याच्या पुलाच्या खांबांवर आदळला. सुमारे ३०० टनांचा पूल मागून येणाऱ्या डब्यांवर कोसळला. पुढचं इंजिन एकटंच एशेडे स्टेशन ओलांडून पुढे जाऊन थांबलं.

१०१ माणसं मेली. त्यांत पुलाजवळ काम करणारे दोन रेल्वे कामगारही होते.

नंतर

काही आठवड्यांत या गाड्यांची सगळी चाकं काढून पुन्हा एकसंध चाकं बसवली. सहा वर्षं जे महाग किंवा अनावश्यक वाटत होतं, ते आठवड्यांत जमलं. रेल्वेचे दोन अधिकारी आणि चाकं बनवणाऱ्या कंपनीचा एक अभियंता यांच्यावर खटला चालला. २००३ मध्ये प्रत्येकी १०,००० युरो भरून घेऊन तो बंद करण्यात आला. दोषी कुणीही ठरलं नाही.