खोट्या पत्त्याचा पिंगळा

शहाद्याच्या एसटी स्टँडवर उतरा. तारीख २५ नोव्हेंबर १९९७, वार मंगळवार. तुम्ही शनिवार-रविवारचे पक्षीनिरीक्षक, त्यामुळे आज हाफिसात खाडा पडणार, पण त्याला इलाज नाही. दुकानांच्या पाट्यांवर ‘जि. धुळे’ दिसेल. ते बरोबरच आहे. नंदुरबार जिल्हा व्हायला अजून सात महिने आहेत. मोबाइल खिशातच राहू द्या. इथे तो कुणाला लागणार नाही आणि लागायलाही नको.

टपरीवर चहा घ्या. उसाच्या गाड्या जाऊ द्या आणि उत्तरेचा रस्ता धरा. सपाट शेतं संपून सातपुड्याचा पायथा लागतो तिथे सागाचं जंगल सुरू होतं. जंगल म्हटल्यावर गर्द काही मनात आणू नका. झाडं विरळ, पानं झडायला लागलेली, मधून ढोरवाटा. उन्हं वर आली की सगळं लख्ख दिसतं. एवढं उघडं रान पाहून तुम्ही म्हणाल, इथे काय लपणार?

पुढे तीन परदेशी माणसं चालली आहेत. स्मिथसोनियनच्या पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट. रानपिंगळा नावाचं हरवलेलं घुबड शोधत आधी ते पूर्वेकडे जाऊन आले. १८७२ मध्ये ब्लेविट नावाच्या संग्राहकाला जिथे त्याचा पहिला नमुना मिळाला, त्या फुलझरच्या बाजूला. तिथे हाती काही लागलं नाही. आता खानदेश.

मध्येच किंग थांबतात. एका निष्पर्ण फांदीवर पिंगळा बसलाय, उन्हात, अगदी समोर. खरं सांगा, तुम्ही एकटे असता तर काय केलं असतं? ‘ठिपकेवाला पिंगळा, १’ अशी नोंद करून पुढे सरकला असता. तो तर आपल्या गावातल्या चिंचेवरही असतो. पण दुर्बीण लावाच. डोकं बघा: ठिपके जवळजवळ नाहीत. छातीवर गडद तपकिरी रुंद पट्टा, खाली पोट पांढरंशुभ्र. पंखांवर आणि शेपटीवर ठसठशीत पट्टे. पाय पांढऱ्या पिसांनी जाडजूड झालेले, चोच आणि नख्या अंगाच्या मानाने दांडग्या. शेपटी झटकतोय, आणि दिवसाढवळ्या, घुबडाला न शोभणाऱ्या निवांतपणे बसून राहिलाय. पलीकडे व्हिडिओ कॅमेरा सुरू झालाय, कारण पक्षी उडाला तर पुरावा उरणार नाही. हा उडत नाही.

हाच रानपिंगळा. याच्या आधीचा त्याचा शेवटचा खरा नमुना १८८४ चा. म्हणजे ११३ वर्षं. मधल्या काळात डिलन रिप्ली आणि सालिम अलींसारख्यांनी त्याला शोधलं आणि रिकाम्या हाताने परतले. इतक्या उघड्यावर बसणारा पक्षी त्यांना का दिसला नाही, याचं उत्तर या रानात नाही. त्यासाठी आणखी मागे चला.

१८८० नंतरची काही वर्षं. याच शहादा-तळोदा भागात जेम्स डेव्हिडसन नावाचा इंग्रज मुलकी अधिकारी बंदूक घेऊन हिंडतोय. दौऱ्यात पक्षी टिपायचा, सोलायचा, भरायचा, चिठ्ठी बांधून ठेवायचा. त्याचे रानपिंगळे पुढे लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये गेले. तिथे त्यांच्या ड्रॉवरशी कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन दिसेल. मोठा पक्षितज्ज्ञ म्हणून मान, आणि हात तेवढाच लांब. त्याने डेव्हिडसनचा एक पिंगळा उचलला, पुन्हा भरला, वर स्वतःची चिठ्ठी बांधली: मांडवी, गुजरात, १९१४. त्याच्यावर संशय नव्हता असं नाही, एकदा पक्षिविभागात बंदीही झाली होती. पण पुस्तकं छापणाऱ्यांनी चिठ्ठी खरी मानली. चोराने पळवलेला पक्षी परत मिळतो. पळवलेला पत्ता माणसांना कुठे कुठे फिरवतो, त्याचा हिशेब लागत नाही.

रासमुसेन यांनी ती लबाडी उलगडली. सोलण्या-भरण्याची ढब डेव्हिडसनचीच निघाली. १९१४ ची नोंद गळाली, तेव्हा उरलेले खरे पत्ते जुने आणि मोजके होते, आणि त्यांतला एक या पायथ्याचा होता. आज सकाळी ही मंडळी इथे आहेत ती त्यामुळे. नशिबाचा भाग आहेच, पण नशीब इथे कागद वाचून आलंय.

एक गोष्ट मात्र मला खटकते. या वाटेने रोज गुरं नेणाऱ्या पावरा आदिवासी माणसाला थांबवून विचारलंत, तर ‘हरवलेला’ हा शब्द त्याला नवाच वाटेल. पिंगळा त्याच्या रोजच्या वाटेवर होता. हरवला होता तो आपल्या वहीतून.

आता सतरा वर्षं पुढे. २०१४, शहापूर तालुका, मुंबईला पाणी देणाऱ्या तानसा तलावाभोवतीचं अभयारण्य. इथे तुमच्यासारखेच लोक सुट्टीच्या दिवशी लोकल आणि जीप करून येतात. रानपिंगळा म्हणजे सातपुडा आणि मेळघाट, हे तोवर सगळ्यांना पाठ झालेलं. सह्याद्रीच्या या ओलसर बाजूला त्याचं काही काम नाही. आणि तरी समोर फांदीवर तोच. छातीचा पट्टा, पांढरं पोट, बिनठिपक्यांचं डोकं.

गडबडून हाका मारत बसू नका, आधी फोटो. डोक्याचा एक, छातीचा एक, पंखाचे पट्टे दिसतील असा एक. कारण बातमी बाहेर पडली की पहिला प्रश्न ठरलेला: ‘ठिपकेवालाच असेल, नीट पाहिलंस ना?’ विचारणाऱ्यावर रागावू नका. तोही त्याच रात्री घरी जाऊन जुन्या हार्ड डिस्कमधले सगळे ‘ठिपकेवाले’ एकेक मोठे करून बघणार आहे.