चौकशीला पैसे मिळतात, माणसाला नाही: वैद्यकीय संशोधकाच्या नोकरीचा इतिहास

आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष वाटेल. वैद्यकीय संशोधनाचा इतिहास म्हटला की आपण शोध सांगतो: डास कुणी पकडला, लस कुणी केली. पण ज्यानं तो शोध लावला त्याचा पगार कोण देत होतं? तो कुठल्या हुद्द्यावर होता? त्याची बढती कशावर ठरायची, बदली कोण करायचं? हे प्रश्न आपण विचारत नाही. आणि मला असं वाटतं, की आपल्याकडच्या संशोधनाचं जे काही झालं किंवा झालं नाही, त्याचा अर्धा उलगडा या प्रश्नांतच आहे.

सुरुवात रोनाल्ड रॉसपासून करू. २० ऑगस्ट १८९७, सिकंदराबाद. डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी त्याला दिसला. आता हा माणूस कोण होता? इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला, म्हणजे आयएमएसमधला लष्करी डॉक्टर. त्याचं काम पलटणीतले आजारी शिपाई बघणं. संशोधन हा त्याचा उद्योग होता, नोकरी नव्हे. सूक्ष्मदर्शक स्वतःचा, रुग्णांना रक्त देण्याबद्दल द्यायचे पैसे स्वतःच्या खिशातून. एवढा मोठा शोध लागला आणि महिन्याभरात काय झालं? बदली! राजपुतान्यातल्या खेरवाड्याला. तिथे त्याच्या कामापुरता मलेरियाच नव्हता. यात कुणाचं कारस्थान शोधायची गरज नाही. सरकारच्या दृष्टीनं तो एक डॉक्टर होता आणि डॉक्टरांच्या बदल्या होतात. पुढे लंडनहून पॅट्रिक मॅन्सन यांनी वजन खर्च केलं, तेव्हा रॉसला ‘स्पेशल ड्युटी’वर कलकत्त्याला पाठवण्यात आलं. हा शब्द लक्षात ठेवा. संशोधकाचं असं पद नव्हतंच, म्हणून नेहमीच्या कामातून काही दिवसांची सुटका, तिचं नाव स्पेशल ड्युटी. १८९८ मध्ये पक्ष्यांच्या मलेरियावर त्यानं ते काम पुरं केलं, १८९९ मध्ये नोकरी सोडली, आणि १९०२ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा तो इंग्लंडमध्ये होता.

बरं, आयएमएसमध्ये शिरायचं कसं? १८५५ पासून स्पर्धापरीक्षा होती आणि ती लंडनला होत असे. कागदावर हिंदी माणसाला दार उघडं होतं. पहिल्याच वर्षी सूर्यकुमार गुडीव्ह चक्रवर्ती पास झाले. पण परीक्षेसाठी बोटीनं विलायतेला जायचं, तिथे राहायचं, हा खर्च किती घरांना झेपणार? आणि सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या मोठ्या जागा, प्रयोगशाळांच्या मोठ्या जागा बहुतेक याच सेवेच्या. म्हणजे संशोधनाची वाट लष्करी सेवेतून जायची.

आता आपल्या मुंबईत येऊ. सप्टेंबर १८९६. मांडवीत मूळचे हडफड्याचे गोंयकार डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. ऑक्टोबरमध्ये सरकारनं वाल्डेमार हाफकिन यांना मुंबईला पाठवलं. हाफकिन ओडेसाचे, ज्यू, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेले. कॉलऱ्याची लस त्यांनी आधीच केली होती. त्यांना काय मिळालं? ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये एक खोली, बाहेरचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर प्लेगची लस करायची! ते रश्श्यात जंतू वाढवायचे आणि वरून तुपाचे नाहीतर खोबरेल तेलाचे थेंब सोडायचे. त्या थेंबांना धरून जंतूंची वाढ खाली झुंबरासारखी लोंबायची. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती लस स्वतःला टोचून घेतली, मग भायखळा तुरुंगात जे कैदी स्वखुशीनं पुढे आले त्यांना.

जागा अपुरी पडू लागली. तेव्हा आगाखानांनी खुश्रू लॉज हा आपला बंगला दिला. स्वतः लोकांसमोर लस टोचूनही घेतली, हे त्याहून मोलाचं. १८९९ मध्ये परळचं जुनं गव्हर्नमेंट हाउस मिळालं. आज तिथेच हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. परळचे लोक रोज त्या भिंतीवरून जातात.

पण हाफकिन यांची एक अडचण होती, आणि ती शास्त्राची नव्हती. ते आयएमएसचे नव्हते. डॉक्टरही नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. म्हणजे मोठ्या प्रयोगशाळेचा प्रमुख, पण पाठीशी सेवा नाही, केडर नाही. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुल्कोवाल गावात एकाच बाटलीतली लस टोचलेली १९ माणसं धनुर्वातानं मेली. चौकशी बसली. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आलं. पुढे जे पुरावे बघितले गेले त्यात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडल्याचं आणि तो नीट निर्जंतुक न केल्याचं निघालं. दोष प्रयोगशाळेचा नव्हता, बाटली उघडली तिथला होता. रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहिलं. मग हाफकिन निर्दोष ठरले, पण परळची खुर्ची काही परत मिळाली नाही. कलकत्त्याला नेमणूक झाली. १९२५ मध्ये संस्थेला त्यांचं नाव दिलं, तेव्हा ते युरोपात होते. आपल्याकडे नाव द्यायला आपण फार उशीर करत नाही, खुर्ची द्यायलाच करतो.

आता पैशाची गोष्ट. १९११ साली इंडियन रिसर्च फंड असोसिएशन स्थापन झाली. सरकारनं पाच लाख रुपये दिले. ही आजच्या आयसीएमआरची आई. १९४९ मध्ये नाव बदललं. १९१३ पासून ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ निघू लागलं, ते आजही निघतं. ब्रिटनमधली मेडिकल रिसर्च कमिटीसुद्धा १९१३ ची, म्हणजे आपल्याकडचा फंड तिच्याआधीचा! हे सांगितलं की आपली छाती फुगते, फुगू द्या. पण पैसा दिला जायचा कसा, ते बघा. फंड ‘इन्क्वायरी’ला पैसे द्यायचा. काळा आजार चौकशी, बाळंतिणींच्या मृत्यूंची चौकशी. चौकशी ठराविक मुदतीची. आयएमएसचा अधिकारी असेल तर चौकशी संपल्यावर त्याची जागा, ज्येष्ठता, पेन्शन शाबूत. त्याच्या हाताखाली जो हिंदी डॉक्टर किंवा रसायनशास्त्रज्ञ काम करायचा तो चौकशीपुरता. चौकशी संपली की त्याची नोकरी संपली. माझ्या मते आपल्या पुढच्या शंभर वर्षांचा साचा इथेच पडला. आजचा प्रकल्प सहायक, ज्याची ऑर्डर दर मार्चला नव्यानं निघते, तो याच साच्यातला.

अर्थात त्या पैशातून मोठी कामंही झाली, ते नाकारून चालणार नाही. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी हे कलकत्त्याच्या कॅम्पबेल मेडिकल स्कूलमध्ये शिकवत. आयएमएसचे नव्हेत, प्रांतिक सेवेतले. १९१९ च्या अखेरीला फंडानं त्यांना काळ्या आजारावरच्या उपचारासाठी अनुदान दिलं. खोली कशी होती? लहानशी, गॅस नाही, पाण्याचा नळ नाही, वीज नाही. रात्री काम कंदिलावर. त्या खोलीत १९२० मध्ये त्यांनी युरिया स्टिबामाइन तयार केलं, आणि काळा आजार, ज्यात माणूस जवळपास हमखास मरायचा, तो बरा होऊ लागला. ही गोष्ट आपण नेहमी ‘बघा, कंदिलावर सुद्धा शोध लागतो’ अशी सांगतो. मला ती उलटी सांगावीशी वाटते. ज्याला फंडानं पैसे देण्यालायक मानलं, त्याच्या खोलीत नळ नव्हता!

दुसरं उदाहरण मुंबईचं. ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये फंडाच्या बाळंतपणातल्या मृत्यूंच्या चौकशीसाठी भारतात आली. मुख्य ठाणं हाफकिन इन्स्टिट्यूट. गरोदर गिरणी कामगार बायकांचा पंडुरोग ती बघत होती. तिला आढळलं, की मार्माइट नावाचा स्वस्त यीस्टचा अर्क दिला की हा पंडुरोग बरा होतो. १९३१ मध्ये तिनं ते छापलं. त्या अर्कातलं जे काही होतं ते पुढे फॉलिक ॲसिड ठरलं. आपल्याकडे आज गरोदर बाईला पहिल्या तपासणीलाच जी गोळी लिहून देतात, तिची मुळं परळात आहेत. चौकशी मुदतीची होती. १९३३ पर्यंत ती इथे होती, मग परत गेली.

सरकारखेरीज पैसा कुठून? देणग्या. लेडी मेहरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. दोराबजींनी १९३२ मध्ये त्यांच्या नावानं ट्रस्ट केला. त्याचं वेगळेपण असं, की उत्पन्नाचा मोठा भाग जगभरातल्या ल्युकेमियावरच्या संशोधनाला आणि काही भाग हिंदी संशोधकांच्या शिष्यवृत्त्यांना. इथे पैसा चौकशीला नाही, माणसाला मिळतो. दुसरी देणगी १९२६ ची, सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजची. देणाऱ्यांनी अट घातली, की अध्यापक हिंदीच असले पाहिजेत. आपण ‘जीएस’ म्हणतो, ‘केईएम’ म्हणतो, पण त्यामागे ही अट आहे हे विसरतो. या अटीमुळे जीवराज मेहता डीन झाले, वसंत रामजी खानोलकर पॅथॉलॉजीचे प्राध्यापक झाले. खानोलकर पुढे १९४१ मध्ये उघडलेल्या टाटा मेमोरियलमध्ये गेले आणि १९५२ मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं. लंडनच्या परीक्षेची वाट बंद असलेल्या डॉक्टरला खुर्ची कुणी दिली? एका देणगीपत्रातल्या एका कलमानं.

आता मी थोडं थांबून कमला सोहोनींबद्दल बोलणार आहे. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. होऊन बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये अर्ज केला. वडील आणि काका दोघेही तिथलेच. रामन यांनी बाई म्हणून नाकारलं. ती जाऊन उभी राहिली. मग वर्षभर अजमावून बघू, या अटीवर घेतलं. हा किस्सा सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तो इथेच संपवला जातो. मला पुढचं सांगायचं आहे. शिष्यवृत्त्यांवर केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशीत सायटोक्रोम सी असतं हे दाखवून १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज कॉलेजात जीवरसायनशास्त्राच्या प्रमुख. मग कुन्नूरच्या न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीत सहायक संचालक. ही लॅबोरेटरी त्याच रिसर्च फंडाची. आणि तिथे कळलं, की इथून पुढे वर जायला पायरी नाही. राजीनामा द्यावा असं त्यांच्या मनात आलं, ते संशोधन सोडायला नव्हे, तर बढतीचा रस्ताच दिसत नव्हता म्हणून. १९४७ मध्ये लग्न झालं, मुंबईला आल्या, रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये रुजू झाल्या. नीरेवर, गरिबांच्या आहारातल्या कडधान्यांवर काम केलं. तिथलंही संचालकपद अंतर्गत राजकारणात चार वर्षं लांबलं. म्हणजे बघा: दारात अडवणं हे एकदाच होतं आणि त्याच्या गोष्टी होतात. आतल्या जिन्याला पायऱ्या नसणं रोजचं असतं, त्याची गोष्ट होत नाही.

स्वातंत्र्यानंतर हे बदललं का? पैसा वाढला, संस्था वाढल्या, १९५६ मध्ये एम्स आलं, तिथे संशोधन हे कामाचा भाग मानलं गेलं. राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक असं पद आलं, खानोलकरांना ते मिळालं. पण कलकत्त्यात शंभुनाथ डे यांचं बघा. कॉलरा होतो तो जंतूच्या विषानं, हे त्यांनी १९५९ मध्ये ‘नेचर’मध्ये छापलं. सशाच्या आतड्याचा तुकडा बांधून केलेला प्रयोग, उपकरणं साधी. आज कॉलऱ्याचं सगळं शास्त्र त्यावर उभं आहे. डे सरकारी मेडिकल कॉलेजातले पॅथॉलॉजीचे शिक्षक. १९७८ मध्ये नोबेल परिसंवादाचं निमंत्रण आलं, पण आपल्या एकाही विज्ञान अकादमीनं त्यांना फेलो केलं नाही. १९८५ मध्ये ते गेले.

आणि आत्ताचं? समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी २००५ ते २०१४ या दहा वर्षांचा हिशोब मांडला. ५७९ वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ संस्थांतून दहा वर्षांत एकही शोधनिबंध आला नाही. देशातल्या एकूण निबंधांपैकी ४० टक्के फक्त २५ संस्थांचे. हे वाचून डॉक्टरांना आळशी म्हणणारे पुष्कळ भेटतात. जिथे सकाळी ओपीडी, दुपारी वॉर्ड, संध्याकाळी लेक्चर, आणि संशोधनाला नेमून दिलेला आठवड्यातला एकही तास नाही, तिथे आळस शोधण्यात काय अर्थ? वैद्यक परिषदेनं बढतीसाठी निबंध सक्तीचे केले. परिणाम काय झाला? पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा धंदा बरकतीला आला. वेळ न देता निबंध मागितला, तर निबंध येतो, संशोधन येत नाही.

त्यातल्या त्यात वेगळं काही घडलं ते २००८ नंतर, जैवतंत्रज्ञान विभाग आणि वेलकम ट्रस्ट यांच्या इंडिया अलायन्समुळे. त्यांच्या फेलोशिप माणसाला मिळतात, कारकिर्दीच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर, डॉक्टरांसाठी वेगळी शाखा. पगार त्यात, प्रयोगाचा खर्च त्यात. लेडी टाटांच्या ट्रस्टची ती कल्पना, मोठ्या प्रमाणावर. पण फेलोशिपला मुदत असते. ती संपल्यावर त्या माणसाला कॉलेजनं कुठल्या हुद्द्यावर बसवायचं, हे फेलोशिप ठरवत नाही. ते मंत्रालयातली सेवाज्येष्ठतेची यादी ठरवते.

एवढं बोलून मी थांबतो. मागे दोघातिघांचे हात वर दिसतायत, प्रश्न घेऊ या.