साप दिसला म्हणजे किनारा आला

मासे धरायला गेलेल्या होडीजवळ साप दिसला की बहुतेकांचा हात आधी वल्ह्याकडे जातो. नदीत दिसणारा हा साप पुष्कळदा बिनविषारी पाणदिवड असतो. तोही माशांच्याच शोधात आलेला असतो. तरीही तो मारला जातो. मात्र भारताच्या याच पश्चिम किनाऱ्यावर पाण्यातल्या सापाकडे शतकानुशतके वेगळ्या नजरेने पाहिले गेले. दर्यावर्दींसाठी तो किनारा जवळ आल्याची खूण होता.

याचा जुना लेखी पुरावा 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या ग्रंथात आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेले हे व्यापाऱ्यांचे मार्गदर्शक पुस्तक. लेखकाचे नाव अज्ञात आहे. खोल पाण्यातून साप वर येऊ लागले की सिंधू नदीचे मुख जवळ आले असे समजावे, असे तो सांगतो. पुढे तो सापांवरून जागाही ओळखायला शिकवतो. कच्छच्या आखातापाशी साप मोठे आणि काळे, तर भडोचकडे लहान, हिरवे आणि सोनेरी झाक असलेले.

भडोच म्हणजे नर्मदेच्या मुखावरचे बंदर. पैठण आणि तेर इथला माल बैलगाड्यांवरून तिथे जात असे, हेही याच ग्रंथात आहे. म्हणजे आजच्या मराठवाड्याची बाजारपेठ या नदीमुखाशी जोडलेली होती. पण या मुखातून आत शिरणे कठीण होते. वाळूचे दांडे, वेगवान भरती-ओहोटी आणि अरुंद वाट यांमुळे जहाजे रुतत, उलटत. म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक मासेमार लांब होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पुढे जात आणि परदेशी जहाजांना नदीतून बंदरापर्यंत ओढून आणत. रोमन साम्राज्याचे सोने या मासेमारांच्या भरवशावर भडोचला पोहोचत होते. ग्रंथ लिहिणाऱ्याचे जसे नाव उरले नाही, तसे यांचेही नाही.

साप ही इतकी भरवशाची खूण का ठरली, याचे कारण सापाच्या जगण्यात आहे. समुद्री सापाची शेपटी वल्ह्यासारखी चपटी असते, पण त्याला कल्ले नसतात. श्वासासाठी तो पाण्यावर येतो आणि भक्ष्यासाठी तळाशी जातो. त्यामुळे बहुतेक जाती उथळ पाण्यात, किनाऱ्याच्या जवळच राहतात. आकड्यासारख्या नाकाचा साप तर खाडीत आणि नदीच्या मुखातही शिरतो. अपवाद पिवळ्या पोटाच्या सापाचा; तो खुल्या समुद्रात भटकतो. म्हणून साप दिसला एवढे पुरेसे नव्हते. कोणता दिसला, कुठे दिसला, हेही बघावे लागे.

ही विद्या पुढे अरब दर्यावर्दींनी जपली आणि वाढवली. जुल्फारचे, म्हणजे आजच्या रास अल-खैमाचे, अहमद इब्न माजिद यांनी सुमारे १४९० मध्ये 'किताब अल-फवाइद' पूर्ण केले. त्यांच्या विद्येत ताऱ्यांच्या उंचीबरोबर 'इशारात', म्हणजे किनाऱ्याच्या खुणाही येतात. त्यात पक्षी आहेत, पाण्याचा रंग आहे आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्याजवळचे सापही आहेत. वास्को द गामाला वाट दाखवणारे म्हणून त्यांचे नाव आजही सर्रास घेतले जाते; अभ्यासक मात्र ते मान्य करत नाहीत. त्यांची थोरवी त्या कथेवर अवलंबूनही नाही.

१७६३ च्या सप्टेंबरमध्ये कार्स्टन नीबूर हा प्रवासी अरबस्तानातून मुंबईकडे आला. पाण्यावर साप दिसले म्हणजे किनारा दोन अंशांवर आला, असे त्याने लिहून ठेवले आहे. साप दिसल्यावर दोनच दिवसांत तो मुंबईला उतरला. पेरिप्लसनंतर सतराशे वर्षांनीही खूण तीच होती.

या परंपरेचे ठसे आपल्या बोलीत आहेत. सुकाणू हा शब्द अरबीतून आला, मोसमी वाऱ्यांचा मोसमही अरबीच. नाखवा म्हणजे फारसी नाखुदा. जहाजाची वाट ठरवणाऱ्याला अरबीत 'मुअल्लिम' म्हणत. कच्छच्या गलबतांवर त्याचा 'मालम' झाला. उर्दूत मुअल्लिम म्हणजे शिक्षक. वाट दाखवणारा आणि शिकवणारा यांना एकच शब्द असावा, हे मला फार योग्य वाटते. कोकणी मुसलमानांच्या घराण्यांत तांडेल आणि खलाशी पिढ्यान्‌पिढ्या झाले, पण आपण त्यांचा इतिहास सांगताना बहुधा कोणत्या अरबी घराण्यातून आलो यावरच थांबतो. ते काय जाणत होते, हे विचारत नाही.

आज जहाजांना वाट उपग्रह दाखवतो. साप मात्र अजून मासेमारांच्या जाळ्यात येतात आणि धोका त्यांनाच असतो. समुद्री सापाचे विष जहाल असते. दंश फारसा दुखत नाही. नंतर स्नायू आखडतात, लघवी काळपट होते. आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बनते, समुद्री सापाच्या नाही. म्हणून मंतरणे किंवा चिरा देणे यात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठायला हवे. ज्यांच्या माहितीवर इतकी जहाजे सुखरूप आली, त्यांच्यासाठी किनाऱ्यावरच्या सरकारी दवाखान्यात अशा दंशाची ओळख असलेला डॉक्टर असावा, एवढी मागणी तरी आपण करायला हवी.