राजीखुशीने, नशापाणी न करता

जुन्या खरेदीखतांचा साचा ठरलेला असायचा. वर ‘लिहून घेणार’ अमुक, ‘लिहून देणार’ तमुक, मध्ये जमिनीच्या चतुःसीमा आणि शेवटी एक लांबलचक वाक्य: हा दस्त राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, नशापाणी न करता, वाचून समजून लिहून दिला असे. त्याखाली शाईत बरबटलेला ठसा आणि बाजूला ‘नि. डा. अं.’, म्हणजे निशाणी डावा अंगठा. ज्याला अक्षरओळख नाही त्याने हे सगळं ‘वाचून समजून’ दिलेलं असायचं, याचं कोणालाही काही वाटत नसे. नशापाण्याचा उल्लेख कशासाठी करावा लागतो, हे मुरबाड-शहापुरात तलाठ्याची नोकरी केलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. माझा जन्म गेला सातबारा उतरवण्यात. (आता आम्हाला ‘ग्राम महसूल अधिकारी’ म्हणतात. मी निवृत्त झालो तेव्हा तलाठीच होतो आणि तलाठीच मरेन.)

आमच्याकडे फसवणुकीचा इतिहास सांगायचा तर तो पायलीपासून सांगावा लागतो. मुरबाड हा भाताचा तालुका. वरकस जमिनीत नाचणी-वरी होते, पण पोट भरतं ते भातावर, आणि तेही एकाच पिकावर. सह्याद्रीच्या पायथ्याच्या ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी घरांत आषाढ उजाडेपर्यंत कणग्या रिकाम्या होत. लावणी तर तेव्हाच करायची आणि अंगात बळही तेव्हाच हवं. मग सावकाराच्या ओटीवर जाऊन खावटी उचलायची, म्हणजे खाण्यापुरतं भात, आणि सुगीला ते दिढीने फेडायचं. एक मणाचा दीड मण, आणि तोही चार-पाच महिन्यांत. फेडायला जमलं नाही तर पुढच्या सुगीला सव्वादोन मण, तिसऱ्या सुगीला तीन मणांच्या वर, चौथीला पाच मणांच्या वर. यात अजून कसलीही लबाडी नाही, हा नुसता ठरलेला हिशोब आहे.

लबाडी मापात होती. देताना पायली काठाशी सपाट मारून द्यायची, घेताना शीग लावून घ्यायची. कुठे देण्याची पायली वेगळी आणि घेण्याची वेगळी. म्हाताऱ्या माणसांकडून हे ऐकताना मला नवल वाटायचं ते त्यांच्या आवाजातल्या थंडपणाचं. पायली लहान आहे हे घेणाऱ्याला दिसत होतं. पण भात बाहेर उभ्या असलेल्या पोरांना त्याच रात्री हवं होतं.

घाटावर आणि घाटाखाली या कर्जाविरुद्ध मोठा उठाव झाला तो राघोजी भांगऱ्याचा. १८४०च्या दशकात त्याच्या कोळी साथीदारांनी सावकारांची घरं लुटली आणि काहींची नाकं कापली. शेवटी तो पंढरपुरात सापडला आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिली. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, १२ मे १८७५ला, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी उठले. त्यांनी सावकारांकडे मागितली ती खतं. जिथे मिळाली तिथे रस्त्यात आणून जाळली, आणि जिथे सावकाराने मुकाट्याने कागद दिले तिथे सहसा माणसाला हात लावला नाही. मला या दोन उठावांमधला फरक फार महत्त्वाचा वाटतो. राघोजीच्या वेळी शत्रू माणूस होता. सुप्याच्या शेतकऱ्याला कळून चुकलं होतं की माणूस मारला तरी त्याचा मुलगा तेच खत घेऊन कोर्टात उभा राहणार.

कागदात एवढं बळ आलं कुठून? थोडंफार कायद्यानेच दिलं, आणि तेही ऋणकोच्या भल्यासाठी केलेल्या कायद्याने. १८५९ सालचा मुदतीचा कायदा म्हणाला की साध्या खतावरचा दावा तीन वर्षांत लावला पाहिजे. हेतू असा की सावकाराने जुनीपुराणी खतं काढून आज्याचं कर्ज नातवावर लादू नये. सावकाराने काय केलं? दर तीन वर्षांनी ऋणकोला बोलावून नवं खत लिहून घ्यायला सुरुवात केली. जुनं मुद्दल अधिक थकलेलं व्याज हे नव्या खताचं मुद्दल. दामदुपटीचा जुना नियम, की व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, तोही याच वाटेने बाद झाला, कारण कागदावर व्याज कधी साचतच नव्हतं. दर तीन वर्षांनी ते मुद्दल होऊन बसायचं. खत करून दिलं नाही तर उद्या दावा, समन्स आणि जप्ती. तेव्हा ‘राजीखुशीने’.

मग दंगलींची चौकशी झाली आणि १८७९चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चारच जिल्ह्यांना लागू होता, पुढे इलाख्यात इतरत्रही आला. कायदा खरोखर चांगला होता. न्यायाधीशाने खताच्या मागे जाऊन पहिल्यापासूनचा हिशोब तपासावा, सावकाराने ऋणकोला पावती द्यावी, असं त्यात होतं. सावकार गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत मागू लागले. कर्ज नाहीच, मग हिशोब कसला तपासणार? तोंडी मात्र शपथ घ्यायची की पैसे फेडलेस की जमीन तुझ्या नावावर परत करीन. याचंच थोडं सभ्य रूप म्हणजे मुदत खरेदी. मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदी कायम. मुदत कधी संपते हे कागद वाचणाऱ्याला ठाऊक असायचं.

महात्मा फुल्यांनी १८५५ सालीच ‘तृतीय रत्न’ नाटकात कुणब्याच्या गरोदर बायकोला ग्रहांची भीती घालून नाडणारा जोशी उभा केला होता. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३चा. त्यात सावकाराबरोबर कचेरीतले कारकून आणि गावचा कुळकर्णी यांनाही फटके आहेत. ते वाचताना मी खुर्चीत जरा चुळबुळतो. कुळकर्णी म्हणजे माझ्याच दप्तरावर बसलेला माझ्याआधीचा माणूस. एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने सांगितली पाहिजे की त्याने नोंद केली नाही तरी जमीन जायचीच. नोंदीमुळे निदान ती कधी आणि कोणाकडे गेली हे आज कळतं.

सगळीच फसवणूक मला सारखी वाईट वाटत नाही, हेही सांगून टाकतो. पौष पौर्णिमेला मुरबाडजवळ म्हश्याची जत्रा भरते. देव खांबलिंगेश्वर, पण लांबून माणसं येतात ती गुरांच्या बाजारासाठी. घोंगड्या, हातोली मिठाई, तमाशाचे तंबू, आणि पलीकडे मैदानभर बैल. दोन हेडी रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवतात, बाजूला उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. शिंगं तासून तेलाने चकचकीत केलेला म्हातारा बैल तरणा म्हणून खपवायची धडपड तिथे उघड चालते. पण घेणाराही कच्च्या गुरूचा चेला नसतो. तो जबडा उघडून दात मोजतो, चार दाती की जुळलेला ते बघतो, बैल गाडीला जुंपून बघतो, शेपटीला हात लावून मारका आहे का ते बघतो. फसलाच तर पुढच्या वर्षी तोही कोणाला तरी फसवतो. दोघांना बैलातलं सारखंच कळतं. कचेरीच्या ओट्यावर असं नसतं. तिथे एकाला वाचता येतं आणि दुसऱ्याला येत नाही.

आमच्या शेजारच्या टिटवाळ्याला ७ जानेवारी १९४५ रोजी किसान सभेची परिषद झाली. उंबरगाव-डहाणूचे काही वारली तिथे आले आणि त्यानंतर वारल्यांचा जो उठाव झाला तो गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवला आहे. लग्नासाठी चार पैसे उचलले म्हणून आयुष्यभर मालकाच्या वाड्यावर राबणाऱ्या लग्नगड्याची कथा त्यात आहे. पुस्तकाला १९७२चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं. वेठबिगारी बंद करणारा कायदा त्यानंतर चार वर्षांनी, १९७६ला आला.

पण मला जास्त जवळचा विषय १९५७च्या आसपासचा. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कूळ हे कसत असलेल्या जमिनीचा मालक मानलं जाणार होतं. कूळकायदा मात्र १९४८चा होता, त्यामुळे जमीनदाराला तयारीला वेळ मिळाला होता. दांडेकर आणि खुदानपूर या अभ्यासकांनी पुण्याच्या गोखले संस्थेसाठी मुंबई राज्यात या कायद्याची पाहणी केली तेव्हा कुळांनी ‘स्वखुशीने’ सोडलेल्या जमिनींची प्रकरणं मोठ्या संख्येने आढळली. राजीनामा नावाचा कागद असायचा, त्यावर तोच डावा अंगठा. आणि सातबाऱ्याच्या पीकपाहणीत ‘रीत’ नावाचा बारीक रकाना असायचा. त्यातला एक आकडा बदलला की कूळ नाहीसं व्हायचं आणि मालक खुद्द कसतो असं दिसायला लागायचं. जुन्या उताऱ्यांवर हा बदल अगदी नेमक्या वर्षांत झालेला मी पाहिला आहे. शाई वेगळी, हात तोच.

मग आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा १९७४चा कायदा आला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगरआदिवासीकडे गेलेली जमीन मूळ मालकाला मिळणार, त्याने ठरलेली रक्कम भरायची आणि स्वतः कसायची हमी द्यायची. पुढच्या विक्रीला जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अचा अडसर घातला, परवानगीशिवाय व्यवहार नाही. काही जमिनी खरंच परत आल्या. माझ्या सजात एका ठाकूर म्हातारीला ताबा देताना मी हजर होतो. पंचनामा झाल्यावर ती मला म्हणाली, “भाऊसाहेब, आता यावर माझा अंगठा नको घेऊ. मागच्या वेळेला अंगठा दिला न् जमीन गेली.” पंचनाम्यावर तिची निशाणी लागणारच होती. तिची समजूत घालायला तासभर गेला.

आणि कलम ३६अलाही वाटा फुटल्याच. कुलमुखत्यारपत्र. नव्व्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा. दुसऱ्या आदिवासीच्या नावावर खरेदी आणि पैसा भलत्याचाच. ठाकूर वाडीतला चाकरीचा माणूस अचानक चार गावांत जमीनदार होतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

मुरबाडजवळच्या धसईचं नाव १ डिसेंबर २०१६ला राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं. नोटाबंदीला महिनाही झाला नव्हता. वडापाव कार्डावर मिळतो म्हणून कॅमेरे आले. मला हसू आलं नाही, पण आमच्या भागातल्या बाजाराला रोखीशिवाय चालायची सवय फार जुनी आहे. खावटीत कुठे नोट होती?

गेली वीस वर्षं फसणाऱ्यांत नवी माणसं आली आहेत. माळशेजच्या रस्त्याला सरळगावपासून फार्महाऊसच्या पाट्या दिसायला लागतात. डोंबिवलीचा, मुलुंडचा नोकरदार निवृत्तीचे पैसे घेऊन येतो. तुकडेबंदीमुळे दोन-तीन गुंठे स्वतंत्र विकता येत नाहीत, म्हणून एकमेकांना न ओळखणारी दहा माणसं एका सातबाऱ्यावर सामाईक चढवतात. त्यांच्यात वाट कोणाची आणि विहीर कोणाची हे कागदात नसतंच. शिवाय शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं. तो नसेल तर एजंट ‘शेतकरी दाखला’ही मिळवून देतो, भलत्याच जिल्ह्यातल्या भलत्याच माणसाचा वारस म्हणून.

असाच एक बँकेतून निवृत्त झालेला गृहस्थ चावडीवर आला होता. नोटरी केलेला साठेकरार प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट लावलेला. नाव सातबाऱ्यावर कधी लागेल, हा त्याचा प्रश्न. मी उतारा काढला आणि ‘इतर हक्क’ रकान्यावर बोट ठेवलं: आदिवासी खातेदार, कलम ३६अ. ते पान पैसे देण्याआधी कोणी दाखवलं नव्हतं का, असं विचारलं. दाखवलं होतं, म्हणाला, पण एवढं वाचलं नाही. मग त्याने करार उलटवून शेवटचं पान माझ्यापुढे धरलं. त्यावर जमीनमालकाचा डावा अंगठा होता. त्या मालकाला मी ओळखत होतो. तो पोरगा सातवी शिकलेला आहे आणि सही करतो.