नाव, गाव आणि नोंद : समुद्रापार गेलेल्यांच्या वंशशोधाचा प्रश्न

वंशशोध हा केवळ घराण्याच्या अभिमानाचा विषय आहे, असा एक समज रूढ आहे. वस्तुतः स्थलांतराचा इतिहास ज्या आकड्यांवर उभा राहतो, त्या आकड्यांची पारख एकेका माणसाच्या नोंदीवरूनच करावी लागते. देश सोडून गेलेला माणूस आणि त्याच्या मागे गावात राहिलेले आप्त यांचा संबंध कागदोपत्री कसा सिद्ध करावयाचा, हा या शोधातील मूळ प्रश्न होय. वर्धा जिल्ह्याच्या दृष्टीने या प्रश्नाचा विचार करताना प्रथम आयर्लंडचे उदाहरण पाहणे उपयुक्त ठरेल.

१८४५ ते १८५२ या काळात बटाट्याच्या पिकावर पडलेल्या रोगामुळे आयर्लंडात मोठा दुष्काळ पडला. त्यात सुमारे १० लक्ष माणसे मृत्युमुखी पडली आणि १० लक्षांहून अधिक माणसांनी देश सोडला. अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथील त्यांच्या वंशजांपाशी घराण्याचे उपनाव शिल्लक आहे. नष्ट झाले ते मायदेशातील कागद. १९२२ च्या जून महिन्याच्या अखेरीस, यादवी युद्धाच्या आरंभी, डब्लिन येथील सरकारी दप्तरखाना जळाला आणि १८२१ ते १८५१ या चार शिरगणत्यांचे बहुतेक कागद त्यात गेले. १८६१ ते १८९१ च्या शिरगणत्यांचे कागद तर त्यापूर्वी सरकारनेच नाहीसे केले होते. त्यामुळे १८४७ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झालेल्या ग्रिफिथच्या जमीनमूल्यांकनाच्या याद्यांवर शोधकाला मुख्यतः विसंबावे लागते. परंतु या याद्या ‘टाउनलँड’ या लहानशा ग्रामघटकानुसार लावलेल्या आहेत आणि असे घटक ६० हजारांहून अधिक आहेत. उपनाव ठाऊक आहे पण ठिकाण ठाऊक नाही, अशा शोधकाला एकाच नावाच्या शेकडो कुळांपैकी आपले कूळ निवडता येत नाही.

मराठी माणसाच्या बाबतीत स्थिती नेमकी उलट आहे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ मजूर मॉरिशसला उतरले, तेव्हापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लक्ष हिंदी माणसे कराराने त्या बेटावर गेली. कलकत्ता व मद्रास यांच्या मानाने मुंबई बंदराचा वाटा थोडा होता. त्यात प्रामुख्याने रत्नागिरी व आसपासच्या कोकणपट्टीतील लोक होते. प्रत्येक मजुराला क्रमांक मिळे आणि त्यापुढे त्याचे नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, जहाज व अंगावरील खूण यांची नोंद होई. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ही दप्तरे जतन केलेली आहेत. कागद असे टिकले, परंतु उपनाव बहुधा त्या नोंदीत शिरलेच नाही. पुढील पिढ्यांत पुष्कळ कुटुंबांत बापाचे किंवा आजाचे नावच उपनाव होऊन बसले. आज मॉरिशसमधील मराठी घराण्याचे जे उपनाव आहे, ते मूळ गावात कोणाचेही उपनाव नसण्याचा संभव मोठा आहे.

या नोंदी वाचताना वर्ध्याच्या अभ्यासकाने विशेष सावध राहिले पाहिजे. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. त्यापूर्वी आर्वी किंवा हिंगणघाट भागातून बाहेर पडलेल्या माणसाचा जिल्हा ‘नागपूर’ असाच लिहिला जाणार. परंतु ‘नागपूर’ हा शब्द दिसताच तो माणूस वैदर्भीय मानणे मात्र धोक्याचे आहे. कलकत्त्याहून गेलेल्या आरंभीच्या मजुरांत छोटा नागपूरच्या डोंगराळ मुलखातील लोक पुष्कळ होते आणि त्यांना तिकडे सरसकट ‘धांगर’ म्हणत. रोमन लिपीत ‘धांगर’ आणि ‘धनगर’ हे शब्द सारखेच लिहिले जातात. ‘नागपूरचा धनगर’ असे वाचून एखाद्या उराव कुटुंबाचा पूर्वज वर्ध्याच्या मेंढपाळांत शोधणे, ही चूक सहज घडू शकते. अशा वेळी प्रथम बंदर व जहाज पाहावे. मुंबईहून होणारा मॉरिशसचा प्रवास १८६० च्या दशकानंतर ओसरला आणि आगगाडी नागपूरपर्यंत पोहोचली ती १८६७ मध्ये. त्यामुळे कोकणाच्या मानाने या भागातून त्या वाटेने जाणारे थोडे असणे स्वाभाविक होते.

जेथे बंदर, जिल्हा आणि गाव यांचा मेळ बसतो, तेथे पुढील शोध गावच्या दप्तरात करावयाचा असतो. १८६० च्या दशकातील जमाबंदीच्या कागदांत कुळाच्या नावापुढे ‘वल्द’ घालून बापाचे नाव दिलेले आढळते. गेलेल्या माणसाचा बाप आणि गावात राहिलेल्या कुळाचा बाप एकच ठरला, जातही जुळली, तर ते भाऊ असण्याचा संभव निर्माण होतो. त्या भावाची संतती पुढे कोतवाल बुकात पाहता येते. गावोगावच्या कोतवालाने दिलेल्या जन्ममृत्यूच्या या नोंदींत बापाचे नाव, जात व गाव असते, उपनाव मात्र पुष्कळदा नसते. बंदरावरील कारकून आणि गावचा कोतवाल यांची एकमेकांशी कधी गाठ पडली नाही. तथापि दोघांनी माणूस ओळखला तो एकाच रीतीने. म्हणूनच या दोन नोंदी परस्परांशी ताडून पाहता येतात.

अडचण उरते ती गावाच्या नावाची. रोमन लिपीत ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ट’ आणि ‘त’ यांतील भेद पुसला जातो. शिवाय एकाच नावाची गावे अनेक असतात. सावंगी (मेघे), बोरगाव (मेघे) यांसारख्या नावांतील दुसरा शब्द अशा सारख्या नावांच्या गावांत भेद करण्यास उपयोगी पडतो. बंदरावरील नोंदीत तो असण्याची अपेक्षा करता येत नाही. तेव्हा केवळ नावाच्या साम्यावर विसंबून एका गावावर बोट ठेवणे योग्य नव्हे. त्या नावाच्या सर्व गावांची दप्तरे पाहून, जेथे बापाचे नाव व जात ही दोन्ही जुळतील तेच गाव ग्राह्य धरावे; दोन ठिकाणी जुळल्यास निर्णय राखून ठेवावा.

आयर्लंडात उपनाव टिकले व कागद गेले. मराठी मजुरांच्या बाबतीत कागद टिकले व उपनाव गेले. दोन्हीकडे शोधाची किल्ली मात्र गाव हीच आहे. कोतवाल बुके आज बहुधा जातीच्या दाखल्यापुरतीच उघडली जातात आणि त्यांची पाने दिवसेंदिवस जीर्ण होत आहेत. गाव व बापाचे नाव यांच्या क्रमाने त्यांची सूची तयार करणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे. ते न झाल्यास समुद्रापारच्या दप्तरात गावाचे नाव सापडूनही गावात त्याला उत्तर देणारा कागद उरणार नाही.