मोजा: बुटाच्या बाहेरून आत आलेला शब्द

या वेळचा धागा अक्षरशः धाग्याविषयी आहे.

आश्विनात लातूरहून औशामार्गे तुळजापूरला पायी निघणाऱ्यांकडे पाहावे. तरुणांच्या पायांत बहुधा स्पोर्ट्‌स शूज आणि पांढरे सुती मोजे असतात. अंतर सुमारे पाऊणशे किलोमीटर. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातले कित्येक जण टाच उचलून चवड्यावर भार देत चालतात, आणि साध्या वहाणा घातलेले आजोबा शेजारून निवांत पुढे निघून जातात. याचे उत्तर अर्धे इतिहासात आहे, अर्धे कातडीत.

आरंभ शब्दापासून करू. ‘मोजा’ फारसीतून मराठीत आला. परंतु मूळ फारसी शब्दाचा अर्थ होता बूट, म्हणजे पोटरीपर्यंत येणारे चामडी पादत्राण. आपल्याकडे रुळताना तो शब्द बुटाच्या बाहेरून आत सरकला. आजच्या फारसीत मोज्याला ‘जुराब’ म्हणतात. पंजाबीतही जुराबच. त्यामुळे नांदेडला हुजूर साहिबच्या परिसरात एकाच वस्तूची दोन नावे कानी पडू शकतात, आणि दोन्ही फारसीच्या वाटेने आलेली.

शब्द परका आहे, कारण गरजच परकी होती. मोजा हा बंद बुटाचा सोबती. आपली वहाण उघडी. उदगीरची लढाई ३ फेब्रुवारी १७६० रोजी संपली. त्यानंतर मार्चमध्ये सदाशिवरावभाऊ परतूरहून उत्तरेकडे निघाले आणि ऑक्टोबरच्या अखेरीस फौज पानिपतास पोचली. या मोहिमेतील तोफा, घोडे, खजिना यांची चर्चा आपण आवडीने करतो. त्या फौजेमागे हजारो बाजारबुणगे पायी चालले होते, वहाणा घालून किंवा अनवाणी, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. उघड्या पादत्राणात घाम साचत नाही आणि रोज चालणाऱ्याचा तळवा निबर होतो. आजोबांचे रहस्य एवढेच.

मात्र वहाण म्हणजे अभय नव्हे. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला मुंबईत पोचला. सोललेल्या, फोडांनी भरलेल्या तळव्यांची तेव्हाची छायाचित्रे अनेकांना आठवत असतील. मुंबईकरांनी त्यांना अन्नपाण्याबरोबर चपलाही दिल्या. शेतात आयुष्य काढलेले ते पाय होते. तापलेल्या डांबरापुढे त्यांचेही काही चालले नाही.

आता मोज्यांच्या मुलखाकडे वळू. उत्तर इंग्लंडमधील विंडोलँडा या रोमन छावणीच्या जागी १९७३ साली लाकडी पातळ पट्ट्यांवर लिहिलेली पत्रे सापडली, काळ इ.स. १०० च्या आसपासचा. त्यांतील एका पत्रात छावणीतल्या कोणाला तरी मोज्यांचे जोड, सँडल आणि अंतर्वस्त्रे पाठवल्याची नोंद आहे. १५८९ साली विल्यम ली या इंग्रजाने मोजे विणण्याचे यंत्र तयार केले. तरीही सर्वच सैन्यांनी मोजा स्वीकारला असे नाही. रशियन सैनिक पायाला चौकोनी फडके गुंडाळून बूट घालीत. ती पद्धत अधिकृतपणे बंद करण्याचा आदेश थेट २०१३ साली निघाला. ही पद्धत मागासलेली म्हणणे मला पटत नाही. फडके ओले झाले की उलटून कोरडी बाजू पायाशी घेता येते.

कारण फोडाचे मूळ ओलाव्यात आहे. १९५५ मध्ये नेलर या ब्रिटिश संशोधकाने कातडीवरील घर्षणाचे प्रयोग केले. कोरड्या कातडीपेक्षा ओलसर कातडीवर घर्षण अधिक होते, असे त्यांना आढळले. ओलसर पाय मोज्याला चिकटतो. आतले हाड प्रत्येक पावलागणिक पुढेमागे सरकते. मधल्या मधे कातडीचे थर एकमेकांपासून फाटतात आणि त्या पोकळीत पाणी भरते. म्हणजे फोड वरून घासून येत नाही, तो आतून फाटून येतो.

आणि इथे मराठवाड्याची अडचण होते. आपला मुलूख कापसाचा. नांदेडची उस्मानशाही मिल कापसावर उभी राहिली, नांदेड-४४ हे संकरित वाण इथल्याच संशोधन केंद्रातले. ‘सुती ते आरोग्यदायी’ हे आपण जन्मतः मानतो, आणि सदऱ्याच्या बाबतीत ते खरेही आहे. परंतु बंद बुटात सूत घाम पिते, तो धरून ठेवते, ओले होऊन चुरगळते. १९९० मध्ये लांब पल्ल्याच्या धावपटूंवर झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ॲक्रिलिक मोज्यांत फोड कमी आणि लहान आले, सुती मोज्यांत जास्त आणि मोठे. त्याच संशोधकांनी १९९३ मध्ये वेगळ्या विणीचे मोजे वापरले, तेव्हा हा फरक दिसला नाही. तेव्हा नुसता धागा पाहून भागत नाही, वीणही पाहावी लागते. १९९६ च्या अभ्यासात अमेरिकी मरीन रंगरुटांच्या एका गटाला आत पातळ पॉलिएस्टरचा आणि वरून लोकर-पॉलिप्रॉपिलीनचा जाड, दाट विणीचा मोजा दिला. त्यांच्यात फोडांचे प्रमाण स्पष्टपणे घटले. दोन मोज्यांत सरकणे मोज्यामोज्यांतच होते, कातडीवर येत नाही.

तुळजापूरला निघणाऱ्यांनी म्हणून मोजा विकत घेताना उलटा करून बोटांवरची शिवण चाचपावी. जाड शिवण करंगळीचा जीव घेते. टाचेला सैल पडणारा मोजा नको. जाड किंवा दुहेरी मोजे वापरायचे असतील तर बूट ते घालूनच मापून घ्यावेत, कारण आवळलेल्या बुटात उत्तम मोजाही व्यर्थ. नवा जोड थेट यात्रेत काढू नये. परतीचा पाऊस आश्विनात हमखास गाठतो, म्हणून एक कोरडा जोड पिशवीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावा. औशाला चहासाठी थांबाल तेव्हा बूट काढा, पाय पुसून वाळू द्या आणि मगच तो कोरडा जोड चढवा.