अमेरिकेतल्या घरातला एसी, हीट पंप आणि टॅक्समधली सूट : काय बंद झालं, काय अजून मिळू शकतं?

कोकणातल्या, मुंबई-पुण्यातल्या आपल्या कित्येक घरांतली मुलं-मुली आज अमेरिकेत नोकरीला आहेत. काहींनी तिथे जुनी घरं घेतली आणि त्यात नवा एसी, हीट पंप किंवा घर गरम ठेवणारी फर्नेस बसवली. अशा खर्चावर तिथलं केंद्र सरकार इन्कम टॅक्समध्ये सूट देत होतं. ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या वस्तूंसाठी ही सूट बंद झाली आहे. पण काम त्याआधी पूर्ण झालं असेल आणि सूट मागायची राहून गेली असेल, तर ते पैसे अजून मिळू शकतात. म्हणून ही माहिती आम्ही एकत्र देत आहोत.

सूट नेमकी कुठली?

ही सूट तिथल्या कर कायद्याच्या कलम २५सी खाली मिळत होती. २०२२ च्या इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्टने ती वाढवली आणि १ जानेवारी २०२३ पासून खर्चाच्या ३० टक्के सूट मिळू लागली. ती २०३२ पर्यंत चालायची होती, पण ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या नव्या कायद्याने ती सात वर्षं आधीच संपवली.

ही वजावट नाही, क्रेडिट आहे. वजावटीने करपात्र उत्पन्न कमी होतं. क्रेडिट थेट भरायच्या टॅक्समधून वजा होतं.

एका वर्षाची मर्यादा

- हीट पंप, हीट पंपवर चालणारा वॉटर हीटर : २,००० डॉलर
- सेंट्रल एसी, गॅस किंवा तेलाची फर्नेस, बॉयलर : प्रत्येकी ६०० डॉलर
- खिडक्या : सगळ्या मिळून ६०० डॉलर
- बाहेरचे दरवाजे : एकाला २५०, सगळे मिळून ५०० डॉलर
- घराची ऊर्जा तपासणी : १५० डॉलर
- भिंती-छताचं इन्सुलेशन : १,२०० डॉलर

हीट पंप सोडून बाकी सगळ्यांची मिळून मर्यादा १,२०० डॉलर. म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त ३,२०० डॉलर. एसी, फर्नेस, हीट पंप यांच्या खर्चात बसवण्याची मजुरी धरता येते. खिडक्या, दरवाजे, इन्सुलेशनमध्ये धरता येत नाही. यंत्रही ठरलेल्या कार्यक्षमतेचं हवं, साधा स्वस्त एसी चालत नाही.

हीट पंप म्हणजे काय, असं इथले आईवडील विचारतात. उलट-सुलट दोन्हीकडे चालणारा एसीच तो. उन्हाळ्यात घरातली उष्णता बाहेर टाकतो, हिवाळ्यात बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो.

कोणाला मिळते, कोणाला नाही?

घर अमेरिकेतच हवं आणि आधीपासून बांधलेलं हवं. गावाकडच्या घरात बसवलेला एसी यात येत नाही. स्वतः न राहता भाड्याने दिलेल्या घरासाठी मालकाला ही सूट नाही. मशीद, मदरसा किंवा दुकानालाही नाही. वीज कंपनीने सवलत दिली असेल, तर ती आधी खर्चातून वजा करायची.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. टॅक्स जितका, तितकीच सूट. समजा हीट पंपाला ९,००० डॉलर लागले. ३० टक्के म्हणजे २,७००, पण मर्यादा २,००० ची. टॅक्स ४,००० असेल तर तो २,००० वर येईल. टॅक्सच १,२०० असेल तर फक्त १,२०० माफ होतील. उरलेले ८०० ना हातात मिळतात, ना पुढच्या वर्षी वापरता येतात.

राहून गेलं असेल तर काय करायचं?

काम कोणत्या वर्षी पूर्ण झालं ते आधी बघा. पैसे कधी दिले याला महत्त्व नाही. डिसेंबर २०२५ मध्ये पैसे दिले आणि यंत्र जानेवारीत बसलं, तर सूट गेली.

त्या वर्षाच्या रिटर्नसोबत फॉर्म ५६९५ जोडायचा असतो. रिटर्न भरून झालं असेल, तर फॉर्म १०४०-एक्स भरून ते दुरुस्त करता येतं. त्यासाठी साधारणपणे तीन वर्षं मिळतात. २०२३ चं रिटर्न १५ एप्रिल २०२४ पर्यंत भरलं असेल, तर १५ एप्रिल २०२७ पर्यंत मुदत आहे. २०२४ च्या रिटर्नला त्याच हिशेबाने १५ एप्रिल २०२८.

बिल, मॉडेल नंबर आणि उत्पादकाचं प्रमाणपत्र जपून ठेवा. २०२५ मध्ये बसवलेल्या यंत्रासाठी उत्पादक कंपनीचा चार अक्षर-आकड्यांचा कोडही फॉर्मवर लागतो; तो बसवणाऱ्याकडून किंवा कंपनीकडून मागून घ्या.

आता नवीन बसवायचं असेल तर?

"तीस टक्के सरकार परत देतं" असं कोणी अजूनही सांगत असेल, तर त्या भरवशावर सही करू नका. काही राज्यांत कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांना हीट पंपासाठी वेगळी सवलत मिळते. ती टॅक्समधली नाही, आणि निधी असेपर्यंतच आहे. आपल्या राज्याच्या ऊर्जा कार्यालयात आणि वीज कंपनीकडे आधी चौकशी करा, मग यंत्र ठरवा.

आपलं कोणी तिकडे असेल, तर पुढच्या फोनवर एवढंच विचारा : २०२३ ते २०२५ मध्ये घरात काही बसवलं का, आणि फॉर्म ५६९५ भरला का?